न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोताचा वेग मोजला, पण मोजला कसा?

टेकडीवर

विज्ञानाच्या बातम्यांत आकडा येतो, पण तो आला कुठून हे गाळलेलं असतं. मार्च २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये थॉमस रसेल आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. न्यूट्रॉन ताऱ्याजवळून निघणाऱ्या झोताचा वेग त्यांनी काढला: सेकंदाला सुमारे १,१४,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशवेगाच्या ०.३८ पट. नुसता आकडा पाहिला तर छाती दडपत नाही, कृष्णविवरांचे झोत याहून जोरात धावतात. पण तो मिळवायची युक्ती मला जाम आवडली. टेकडीवरच्या कट्ट्यावर सांगायला लागलो की मंडळींना नेमकी घरची कामं आठवतात, म्हणून इथे लिहितोय.

आधी मांडणी. दोन तारे एकमेकांभोवती फिरताहेत. त्यातला एक कधीच मेला, उरलाय त्याचा न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याच्या दीडपटीच्या आसपास आणि व्यास कात्रज ते निगडी. दुसरा तारा अजून धुगधुगतोय आणि त्याच्या बाहेरच्या थरातला वायू या लहानग्याकडे ओढला जातोय. मात्र हा वायू सरळ जाऊन आदळू शकत नाही. जोडी फिरत असते, त्यामुळे वायूलाही फिरण्याचा वेग असतोच. तो ताऱ्याभोवती चकती करून गोल गोल फिरतो आणि घर्षणाने थोडा थोडा आत सरकतो. आतल्या कडेला पोचेपर्यंत तापमान एक कोटी अंशांच्या घरात गेलेलं असतं, म्हणून तिथून क्ष-किरण निघतात. आणि त्यातला काही वायू आत पडायचं सोडून चकतीला काटकोनात, वर आणि खाली, दोन अरुंद झोतांतून सुसाट बाहेर पडतो.

आता अडचण. असा झोत बहुतेक वेळा अखंड वाहत असतो. रेडिओ दुर्बिणीला तो एक चमकता ठिपका म्हणून दिसतो, आजही तसाच आणि उद्याही तसाच. पर्वतीच्या पायथ्याशी कालव्याचं पाणी संथ वाहत असेल तर नुसतं बघून वेग कळतो का? एखादं पान पडावं लागतं. ते या पुलाखालून कधी गेलं आणि पुढच्या पुलाखाली कधी पोचलं, हे घड्याळ लावून बघायचं. झोतात असं पान टाकणार कोण?

न्यूट्रॉन तारा स्वतःच टाकतो. त्याला पृष्ठभाग असतो, आणि ही गोष्ट कृष्णविवराकडे नाही. चकतीतून आलेला हायड्रोजन आणि हेलियम त्या पृष्ठभागावर साचत जातो. थर पुरेसा जाड झाला की एका फटक्यात सगळा पेटतो, केंद्रकीय स्फोट होतो. काही सेकंद क्ष-किरणांचा भडका उडतो आणि विझतो. मग पुन्हा काही तास साचणं, पुन्हा भडका. हे स्फोट १९७० च्या दशकापासून माहीत आहेत.

रसेल यांच्या गटाने ४यू १७२८-३४ नावाचा असा स्फोटक तारा निवडला. क्ष-किरणांसाठी युरोपचा 'इंटिग्रल' उपग्रह आणि रेडिओसाठी ऑस्ट्रेलियातली 'कॉम्पॅक्ट अ‍ॅरे' ही दुर्बीण, दोघांनी एकाच वेळी त्याच्याकडे टक लावली. स्फोटाने चकतीचा आतला भाग विस्कटेल आणि झोत मंदावेल, असा साधारण अंदाज होता. झालं उलटच. स्फोटानंतर काही मिनिटांत झोत उजळला! आणि दोन फ्रिक्वेन्सींवर एकदम नव्हे. आधी ९ गिगाहर्ट्झवर आणि त्यानंतर ५.५ वर. झोताच्या मुळाजवळचा दाट भाग जास्त फ्रिक्वेन्सीवर चमकतो आणि लांबचा विरळ भाग कमी फ्रिक्वेन्सीवर. म्हणजे तो जास्तीचा माल आधी पहिल्या पुलाखालून गेला, मग दुसऱ्या. दोन पुलांमधल्या वेळेवरून वेग.

जाताजाता: हा तारा आपल्या ओळखीच्या भागात आहे. मूळ नक्षत्राच्या जेमतेम तीन अंश उत्तरेला, विंचवाच्या नांगीशी. नुसत्या डोळ्यांनी अर्थातच काही दिसणार नाही.

---

नावात_काय

पहिला मी! वाचनखूण साठवली. आता वाचतो.

---

गौरी१२

छान लिहिलंय. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि या विषयावर मुलांचा एक प्रश्न दरवर्षी ठरलेला: कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही म्हणता, मग झोत कुठून सुटतो? मी 'तो आतून नाही, बाहेरून निघतो' एवढं सांगते. त्यावर पुढचा प्रश्न येतो की जी वस्तू खाली पडतेय ती वर कशी फेकली जाईल, तिला ढकलतं कोण? तिथे माझी गाडी अडते. कुणी नीट समजावेल का?

---

स्नेहल_ब

गौरीताई, 'बाहेरून निघतो' हे उत्तर बरोबरच आहे. झोत घटनाक्षितिजाच्या, म्हणजे ज्या सीमेच्या आतून प्रकाशही सुटत नाही तिच्या, बाहेरच तयार होतो. ढकलण्याचं म्हणाल तर ऊर्जेचा हिशेब आधी बघा, म्हणजे आश्चर्य थोडं कमी होईल.

हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो. सूर्य त्याच्यावर चालतो. न्यूट्रॉन ताऱ्यावर एक किलो वायू नुसता पडला तरी त्याच्या वस्तुमानाच्या दहा टक्क्यांहून जास्त एवढी ऊर्जा मोकळी होते. पडणं हे जळण्यापेक्षा कितीतरी किफायतशीर आहे, फक्त खड्डा पुरेसा खोल हवा. तेव्हा शंभर किलो वायू पडला आणि त्याच्या जिवावर एखादा किलो बाहेर फेकला गेला, तर हिशेबात काहीच बिघडत नाही.

राहिली यंत्रणा. चकतीत चुंबकीय क्षेत्र असतं आणि वायू आयनीभूत (अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेला) असल्यामुळे क्षेत्ररेषा त्याला चिकटल्यासारख्या असतात. चकती फिरते तशा त्या रेषाही फिरतात, आणि पुरेशा कललेल्या असतील तर त्यांच्यावरचा वायू बाहेर भिरकावला जातो. पुढे याच रेषा पीळ पडून झोताला आवळून धरतात, म्हणून तो अरुंद राहतो. हे चित्र ब्लँडफोर्ड आणि पेन यांनी १९८२ मध्ये मांडलं. त्याआधी १९७७ मध्ये ब्लँडफोर्ड आणि झ्नायेक यांनी दुसरी वाट दाखवली होती. फिरत्या कृष्णविवराभोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर खुद्द कृष्णविवराच्या फिरण्यातली ऊर्जा काढून घेता येते. प्रत्यक्ष कुठल्या झोतात यातलं कोण किती काम करतं, यावर अजून भांडणं चालू आहेत. वर्गात मात्र 'चुंबकीय क्षेत्र' हे उत्तर बिनधास्त द्या.

---

आप्पा_सहकारनगर

टेकडीवर, लेख वाचला. कालव्याचं उदाहरण ठीक आहे, पण तुम्ही एक गोष्ट हळूच खिशात घातली. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. वेळ दुर्बिणीने मोजला, मान्य. अंतर कुणी मोजलं? पर्वतीचे पूल महापालिकेच्या नकाशात आहेत. झोतातले हे दोन पूल कुठल्या नकाशात आहेत? झोत ठिपका दिसतो असं तुम्हीच म्हणता, मग ९ गिगाहर्ट्झची जागा आणि ५.५ ची जागा यांत किती किलोमीटर, हे कसं ठरलं?

चाळीस वर्षं कारखान्यात फ्लो मीटर लावले आहेत, म्हणून विचारतो. दिवे घ्या, म्हणजे हलके घ्या.

---

टेकडीवर

आप्पा, दिवे कसले, हीच तर मोक्याची जागा आहे. अंतर थेट मोजलेलं नाही. झोत शंकूसारखा पसरत जातो, कुठल्या फ्रिक्वेन्सीचा भाग मुळापासून किती लांब असेल याचं जुनं प्रारूप आहे, आणि फ्रिक्वेन्सी निम्मी केली की अंतर साधारण दुप्पट होतं. ते गृहीत धरूनच गणित पुढे जातं. म्हणून ०.३८ च्या दोन्ही बाजूंना बरीच ढिलाई आहे. ०.३ म्हणा नाहीतर जवळजवळ ०.५, दोन्ही खपून जाईल. प्रकाशाच्या ९९ टक्के वगैरे मात्र नक्की नाही, आणि एवढं कळणंही पुष्कळ आहे.

---

आप्पा_सहकारनगर

असं स्पष्ट म्हणा ना. मग पटलं.

---

दुर्बीणवाला

झोतात पान टाकायची वेळ यायच्या खूप आधी एका ताऱ्याने आपला वेग आपणहून लिहून दिला होता, त्याची आठवण इथे काढायलाच हवी. एसएस ४३३.

गरुड तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे १८,००० प्रकाशवर्षांवर. स्टीफन्सन आणि सँड्युलिक यांनी १९७७ मध्ये वर्णपटात, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, हायड्रोजनच्या ठळक रेषा असणाऱ्या ताऱ्यांची यादी छापली, त्यातला ४३३ वा. यादीत पडून राहिला असता. पण १९७८ मध्ये क्लार्क आणि मर्डिन यांनी त्याचा वर्णपट घेतला आणि पाठोपाठ ब्रूस मार्गन यांच्या गटाने रात्रीमागून रात्र तो घेतला. वर्णपटात हायड्रोजनच्या नेहमीच्या रेषा तर होत्याच, शिवाय भलत्याच ठिकाणी काही अनोळखी रेषा होत्या. आणि त्या जागा बदलत होत्या! तारा येतोही आहे आणि जातोही आहे, दोन्ही एकाच वेळी, तेही सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने. एवढा वेग असलेली वस्तू आपल्या दीर्घिकेत टिकणारच नाही, म्हणून त्या काळात भल्याभल्यांनी काय काय तर्क लढवले.

उकल अशी की हायड्रोजन तोच, पण दोन विरुद्ध झोतांतला. एक झोत आपल्याकडे झुकलेला, त्याच्या रेषा निळ्याकडे सरकतात. दुसरा पाठ फिरवलेला, त्याच्या तांबड्याकडे. आणि झोतांची दिशाही स्थिर नाही, ती सुमारे १६२ दिवसांत एक फेरी पुरी करते, त्याला परांचन म्हणतात. त्यामुळे रेषा पुढेमागे डुलत राहतात. हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा एका टोकाला ५९० च्या आसपास म्हणजे चक्क पिवळ्यात येते, आणि दुसऱ्या झोतातली तीच रेषा ७७० पर्यंत, डोळ्याला दिसायचं जिथे संपतं तिथवर जाते. झोताचा वेग प्रकाशाच्या ०.२६ पट. त्याला मॉडेलची फारशी गरज लागत नाही, रेषाच सांगतात.

आता माझा सगळ्यात लाडका भाग. फेरीत दोनदा अशी वेळ येते की दोन्ही झोत आपल्या नजरेला बरोबर काटकोनात असतात. कुणी जवळ येत नाही की लांब जात नाही. शाळेतल्या डॉपलर परिणामाप्रमाणे सरकणं शून्य व्हायला हवं. होत नाही! दोन्हीकडच्या रेषा एकमेकींवर येतात, पण साडेतीन टक्के तांबड्याकडे सरकलेल्या जागी. नुसता वेग म्हणून वाचलं तर सेकंदाला सुमारे ११,००० किलोमीटर. कारण काय, तर ०.२६ पट वेगाने धावणाऱ्या अणूचं घड्याळच आपल्याला मंद चाललेलं दिसतं. आइन्स्टाइनचं कालविस्तारण इतकं उघड्यावर बघायला मिळणारी दुसरी जागा मला माहीत नाही. वेगही त्यातूनच पक्का ठरतो: सरकण्याचा मध्य शून्यापासून किती ढळला ते बघा, समीकरणात घाला, ०.२६ बाहेर पडतो.

तारा १४ व्या प्रतीचा, म्हणजे फारच अंधुक आहे. चांगली दुर्बीण, कॅमेरा आणि वर्णपटदर्शक असेल तर हौशी मंडळीही या रेषा पकडतात. आपल्याकडची रड वेगळीच. गरुड, म्हणजे आपलं श्रवण नक्षत्र, मध्यरात्री डोक्यावर येतं ते ऐन पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये पानशेत-वेल्ह्याकडे दुर्बीण नेऊन काय बघणार, ढगांचं पोट? ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी पश्चिमेला काही तास मिळतात, तेवढेच.

---

गौरी१२

काटकोनात असूनही सरकणं, हे मी उद्याच फळ्यावर मांडणार. 'मुक्तिवेग' आणि 'डॉपलर' यांच्यापलीकडे मुलांना काही दाखवायला मिळालं.

---

नावात_काय

सगळं वाचलं. आता माझी शंका. मी कुठेतरी वाचलंय की अशाच एका झोताचा वेग प्रकाशाच्या सव्वापट मोजला होता. मग त्या आइन्स्टाइनचं काय झालं? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

स्नेहल_ब

पॉपकॉर्न संपायच्या आत सांगते. तो जीआरएस १९१५+१०५, आत कृष्णविवर असलेली जोडी. रशियाच्या 'ग्रॅनॅट' उपग्रहाने १९९२ मध्ये शोधला. १९९४ च्या वसंतात त्याने दोन गोळे भिरकावले, आणि मिराबेल आणि रॉड्रिगेझ यांनी अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने ते आठवड्यामागून आठवडा सरकताना पाहिले. एका बाजूचा गोळा आकाशात जितका सरकत होता त्यावरून वेग निघाला प्रकाशाच्या १.२५ पट, दुसऱ्या बाजूचा ०.६५ पट. आपल्या दीर्घिकेत असं पहिल्यांदाच दिसलं. लांबच्या क्वेसारमध्ये (दूरच्या दीर्घिकांच्या झगझगीत गाभ्यांत) ते आधी माहीत होतं.

आइन्स्टाइनला काही झालेलं नाही, हिशेब पाचवी-सहावीचा आहे. समजा गोळा ०.९२ पट वेगाने, आपल्या दिशेशी ७० अंशांचा कोन करून निघाला. शंभर दिवसांत तो ९२ प्रकाशदिवस जाईल. त्यातले आडवे साधारण ८६.५ आणि आपल्याकडे ३१.५. निघताना सोडलेला प्रकाश आणि शंभराव्या दिवशी सोडलेला प्रकाश, यांत दुसऱ्याला आपल्यापर्यंत ३१.५ प्रकाशदिवस कमी चालायचं आहे. म्हणून आपल्या घड्याळात दोन दृश्यांमध्ये शंभर नाही, ६८.५ दिवसच जातात. आडवा प्रवास ८६.५, वेळ ६८.५. भागा. १.२६ आला. दूर जाणाऱ्या गोळ्यासाठी तेच अंतर १३१.५ दिवसांत, म्हणून ०.६६. बघा, दोन्ही आकडे मोजलेल्या आकड्यांच्या शेजारी येऊन बसले. खरं तर गणित उलट दिशेने केलं जातं. दोन्ही बाजूंचं सरकणं मोजायचं आणि त्यावरून कोन आणि खरा वेग काढायचा.

इथेही एक किल्ली हातात असावी लागते, ती म्हणजे ताऱ्याचं अंतर. तेव्हा ते सुमारे ४०,००० प्रकाशवर्षं धरलं होतं. नंतरच्या मोजणीत ते २८,००० च्या आसपास आलं, त्यामुळे वेगही जरा खाली आणावा लागतो. आप्पा, तुमचं 'अंतर कुणी मोजलं' इथेही लागू.

---

आप्पा_सहकारनगर

तो प्रश्न कुठेही लागू असतो. चाळीस वर्षं तेच विचारत आलो.

---

शिवनेरीचा

मी नारायणगावचा, सध्या नोकरीनिमित्त पिंपरीत. आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं नाव अजून कुणीच घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं. तीस दुर्बिणी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप सरांनी तारांची जाळी वापरून त्या इतक्या हलक्या केल्या की आरपार आभाळ दिसतं. द्राक्षबागेतून मान वर केली की अँटेना, आमचं लहानपण असंच गेलं. तिथून हे झोत दिसतात का हो? पुणे विद्यापीठाच्या आवारात ती चालवणारी संस्था एनसीआरए आहे, स्नेहलताई त्या बाजूच्या दिसतात, त्यांना विचारतो.

---

स्नेहल_ब

दिसतात आणि नाहीही. जीआरएस १९१५ आणि सिग्नस एक्स-३ या झोत फेकणाऱ्या दोन जोड्यांचे भडके जीएमआरटीने टिपले आहेत. पण गोळे सरकताना तिथून दिसणार नाहीत, कारण बारकावा पुरत नाही. पंचवीस किलोमीटरचा पसारा १४०० मेगाहर्ट्झला सुमारे दोन विकलांपर्यंतच (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) वेगळं दाखवू शकतो. जीआरएस १९१५ चा वेगवान गोळा दिवसाला जेमतेम ०.०१८ विकला सरकला होता, म्हणजे महिन्याला अर्धी विकला. तोवर तो विझायला लागतो.

जीएमआरटीचं बळ वेगळं, कमी फ्रिक्वेन्सी. गोळा नवा असताना दाट असतो, कमी फ्रिक्वेन्सीचा प्रकाश त्याचा तोच गिळतो. तो फुगत विरळ झाला की मग आधी वरच्या, नंतर खालच्या फ्रिक्वेन्सीला उजळतो. त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुर्बिणींनी भडका पाहिल्यानंतर मागाहून खोडदला तो चढताना दिसतो. किती मागाहून आणि किती उंच, यावरून गोळा किती फुगला आणि त्यात चुंबकीय क्षेत्र किती, याचा अंदाज येतो. वर टेकडीवर यांनी सांगितलेल्या ९ आणि ५.५ च्या उशिराशी याचं नातं आहे, फक्त तिथे झोत अखंड आहे आणि इथे सुटा गोळा.

पुण्याचा दुसरा धागा आयुका या खगोलसंस्थेचा. क्ष-किरण हवेतून खाली येत नाहीत, उपग्रहच लागतो. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'वरच्या एका उपकरणात आयुकाचा हात आहे आणि त्याच्या निरीक्षकांना मदत करणारा कक्षही आयुकातच आहे. 'अ‍ॅस्ट्रोसॅट'ने जीआरएस १९१५ आणि सिग्नस एक्स-१ वर भरपूर वेळ घालवला आहे. पाच वर्षांसाठी पाठवला होता, दहा वर्षांनंतरही कामाला होता.

---

नावात_काय

म्हणजे वरचा भाग आयुकाचा, खालचा एनसीआरएचा, आणि मधे गणेशखिंडीचा ट्रॅफिक. असो.

मला यातून एक नियम दिसतोय, बघा पटतो का. न्यूट्रॉन तारा: ०.३८. कृष्णविवर: ०.९ च्या वर. श्वेतबटूंचेही, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मेल्यावर उरलेल्या गाभ्यांचेही, झोत असतात ना? त्यांचे काही हजार किलोमीटर असणार. म्हणजे वस्तूचा मुक्तिवेग (तिच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) जेवढा, साधारण तेवढाच झोताचा वेग. वेग सांगा, आतला तारा ओळखतो.

---

टेकडीवर

नावात_काय, आज तुम्ही चक्क अभ्यास करून आलात! नियम मोहक आहे आणि बऱ्याच अंशी खराही दिसतो. श्वेतबटूचा मुक्तिवेग सेकंदाला सहा-सात हजार किलोमीटर, न्यूट्रॉन ताऱ्याचा प्रकाशाच्या निम्म्याहून थोडा जास्त, कृष्णविवराच्या क्षितिजाशी थेट प्रकाशवेग. झोत जितक्या खोलातून निघतो तितका जोर, हे सरळ तर्कशास्त्र आहे. ०.३८ त्यात चपखल बसतो. स्कॉर्पियस एक्स-१, १९६२ मध्ये सापडलेला सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत, तोही न्यूट्रॉन ताराच. त्याचे रेडिओ गोळे सुमारे ०.४५ पट वेगाने जाताना मोजले आहेत. तेही बसतं.

---

दुर्बीणवाला

बसतं, पण मी वर सांगितलेला एसएस ४३३ बसतो का? आत कृष्णविवर आहे याकडेच बहुतेकांचा कल आहे. तुमच्या नियमाप्रमाणे ०.९ हवा, आहे ०.२६. चाळीसहून जास्त वर्षं तो आकडा जवळपास तिथेच आहे. वेगावरून ओळखायला गेलात तर त्याला न्यूट्रॉन ताऱ्याहूनही हलका ठरवाल.

---

टेकडीवर

एसएस ४३३ ला अपवाद म्हणायला माझी हरकत नाही. तिथे वायू इतका धो धो ओतला जातोय की चकती फुगून आतल्या वस्तूला झाकून टाकते. झोत आपल्याला दिसतो तो त्या फुगलेल्या वाऱ्यातून वाट काढून आलेला, जड आणि अणूंनी भरलेला. म्हणून तर त्यात हायड्रोजनच्या, लोखंडाच्या रेषा दिसतात. बाकीच्यांच्या झोतात रेषा क्वचितच, नुसते चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन. प्रकाशाच्या दाबाने ढकललेला झोत आणि चुंबकीय क्षेत्राने भिरकावलेला झोत यांना एकाच तराजूत घालता येणार नाही.

---

स्नेहल_ब

दुसऱ्या बाजूचाही अपवाद आहे. सर्सिनस एक्स-१ हा न्यूट्रॉन तारा. २००४ मध्ये फेंडर आणि सहकाऱ्यांनी दावा केला की त्याच्या झोतातून ऊर्जा जवळजवळ प्रकाशवेगाने बाहेर जाते. तिथे गोळा सरकताना दिसला नव्हता. गाभ्यात भडका झाला आणि काही दिवसांनी दूरचा ठिपका उजळला, त्या दोन घटनांची जोडी लावून वेग काढला होता. जोडी चुकीची लावली तर वेगही चुकतो, म्हणून त्यावर शंका घेतल्या गेल्या. पण असे दावे समोर असताना 'वेग सांगा, तारा ओळखतो' म्हणायला मी धजणार नाही.

माझ्या मते २०२४ च्या निबंधाची खरी किंमत ०.३८ या आकड्यात नाहीच. इतकी वर्षं वेग मिळायचा तो एसएस ४३३ सारख्या एकमेवाद्वितीय ताऱ्याचा किंवा कधीतरी गोळा फेकणाऱ्यांचा. अखंड वाहणाऱ्या झोताला हात लागत नव्हता. आता स्फोट करणारे शंभराहून जास्त न्यूट्रॉन तारे माहीत आहेत. त्यातले काही भराभर फिरणारे, काही हळू. काहींचं चुंबकीय क्षेत्र जोरदार, काहींचं क्षीण. एकेकाचा वेग मोजत गेलं की तो कशावर ठरतो ते दिसू लागेल. ताऱ्याच्या फिरण्याबरोबर वेग वाढत असेल तर झोताला ताऱ्याकडून ऊर्जा मिळते. वाढत नसेल तर चकतीकडून. कृष्णविवराचं फिरणं मोजण्यावरच इतके वाद आहेत की हा प्रश्न तिथे सुटणं कठीण. न्यूट्रॉन ताऱ्याचं फिरणं मात्र स्फोटांच्या वेळच्या लुकलुकण्यावरून अगदी नेमकं मोजता येतं. ४यू १७२८ सेकंदाला ३६३ वेळा फिरतो.

---

आप्पा_सहकारनगर

हे उत्तम. एकाच मीटरने शंभर पाइप मोजायचे म्हटल्यावर मीटरमधली ढिलाई सगळीकडे सारखीच लागते आणि तुलना खरी राहते. आता मला त्या ०.३ ते ०.५ ची काळजी नाही. रसेलसाहेबांनी दुसरा तारा धरला का?

---

टेकडीवर

त्याच निबंधात ४यू १६३६-५३६ चीही निरीक्षणं आहेत. वेगाचा मुख्य आकडा १७२८ वरून आलाय. खरी अडचण वेळेची. स्फोट कधी होणार हे मिनिटावर सांगता येत नाही, त्यामुळे रेडिओ दुर्बीण आणि क्ष-किरण उपग्रह दोघांना तासन्‌तास एकाच ताऱ्याकडे बघत बसवावं लागतं. दोन्हींच्या वेळेसाठी जगभरातून रांग लागलेली असते.

---

गौरी१२

शिवनेरीचा, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं ना? मुलांना न्यायचा विचार आहे. दुर्बिणी जवळून बघू देतात का?

---

शिवनेरीचा

हो, असतं. पंचक्रोशीतल्या शाळा प्रयोग मांडतात, चिक्कार गर्दी होते. पुण्याहून सकाळी लवकर निघा, चाकणला अडकलात तर दुपार तिथेच. आवारात शिरताना सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावा, नुसते सायलेंट नाही. मुलांना आधीच बजावून ठेवा. आणि परत येताना नारायणगावात थांबून मिसळ खा, हा माझ्या गावचा आग्रह.